लाट असते का?

या जगात अशी काही शहाणी माणसे आहेत की, जी समुद्राकडे पाठ करून बसतात आणि 'लाट असते का?' असा प्रश्न स्वतःला विचारतात. एखादा दिवस नव्हे, दहादहा वीसवीस वर्षे! त्याबद्दल त्यांना पगार मिळतो, पदव्या मिळतात आणि एखाद्याला प्रश्न सुटलाच तर त्याचे नाव पुढच्या शंभर वर्षांच्या पुस्तकांत राहते. रनपारच्या धक्क्यावर जाळे विणत बसलेल्या एखाद्या खलाशापुढे हा प्रश्न टाकून पाहा. तो तुम्हाला उत्तर देणार नाही; होडीत बसवून नेईल.

पावस म्हटले की लोकांना स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आठवते. रत्नागिरीहून वीसेक किलोमीटरांचा रस्ता. माणसे येतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परतीची गाडी गाठतात. गौतमी नदीच्या काठाने आणखी खाली गेले की खाडी लागते आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र आहे, हे पुष्कळांना ठाऊकही नसते. आम्ही मात्र त्या आवाजातच वाढलो. आषाढातल्या रात्री तो आवाज घरातल्या बोलण्याच्याही वर चढतो, आणि मग माणसे आपोआप मोठ्याने बोलू लागतात. कोकणातला माणूस भांडखोर म्हणतात त्याचे एक कारण हेही असेल!

अशा घरात, वाचकहो, आमच्या पुतण्याने हा धंदा पत्करला. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बागाईतदार आहेत. हापूसची दीडएकशे कलमे, थोडा नारळ, आणि डोक्यावर सोसायटीचे कर्ज. त्या कर्जातला मोठा भाग या मुलाच्या शिक्षणाचा. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्यानंतर मी शाळा सोडली नाही, फक्त बाकावरून उठून फळ्यापाशी गेलो. आणि रात्री कादंबऱ्या लिहू लागलो. त्यामुळे घरात जे जे कोणाला समजत नाही ते मला समजत असणार, असा एक समज रूढ झाला आहे. तो मोडण्याचा मी कधी प्रयत्न केलेला नाही.

मुलगा बेंगळुरूला होता. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एक केंद्र आहे आणि असल्या समीकरणांचे काम तिथे चालते, एवढे मला ठाऊक होते. यंदा त्याने प्रबंध पुरा केला. वैशाखात, आंब्याच्या ऐन धांदलीत, तो घरी आला. पेट्या भरण्याचे काम चालले होते. अण्णांनी हातातला पेंढा खाली ठेवला आणि विचारले,

"सुटलं का रे तुझं गणित?"

"सुटलं, बाबा."

"उत्तर काय आलं?"

मुलगा जरा घुटमळला. "उत्तर आहे, एवढं आलं."

"आहे म्हणजे किती?"

"किती ते ठाऊक नाही. पण आहे, आणि एकच आहे. हे सिद्ध झालं."

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा पेंढा उचलला आणि पेटीत थर लावू लागले. पाच वर्षांचे कर्ज आणि हाती काय, तर 'आहे'!

त्या रात्री ते माझ्या खोलीत आले. मुलापुढे दोन वाटा होत्या. पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी मिळत होती, पगार घसघशीत. दुसरीकडे आणखी दोन वर्षे संशोधन, आणि विद्यावेतन जेमतेम. अण्णा म्हणाले, "तू लिहितोस, वाचतोस. मला एवढंच सांग, हे जे तो करतो ते काम आहे का? असेल तर मी आणखी दोन वर्षं ओढीन. नसेल तर आत्ताच सांग."

मी चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि पुतण्याला शिकवणीला बसवले. म्हणजे शिकायचे मी.

फराळाच्या ताटाशेजारी मी समीकरण मांडणार नाही, घाबरू नका. विहिरीत दोन खडे टाका. दोन वर्तुळे उमटतात, एकमेकांना भेटतात, एकमेकांतून आरपार जातात आणि जणू काही झालेच नाही अशी आपापल्या वाटेने पसरत राहतात. या लहान लाटांचे गणित सरळ असते. एक उकल, दुसरी उकल, आणि दोहोंची बेरीज हीही उकलच. तंबोऱ्याच्या तारेचे असे गणित दालांबेर नावाच्या फ्रेंच पंडिताने १७४७ सालीच सोडवून ठेवले आहे.

समुद्राची लाट इतकी सालस नसते. तिच्या उंचीचा तिच्या चालीवर परिणाम होतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. चार मीटर पाण्यात ती ताशी सुमारे बावीस किलोमीटर चालते; मीटरभर पाण्यात आली की ताशी अकरा. आता गणेशगुळ्याच्या वाळूवर उभे राहून पाहा. लाटेचा पाय उथळ पाण्यात अडखळतो, माथ्याखाली मात्र पाणी अजून जास्त असते. माथा पुढे धावतो, पायाला गाठतो, त्याच्यापुढे जातो आणि कोसळतो. आपण म्हणतो लाट फुटली. गणितज्ञ म्हणतो, इथे माझी उकल संपली. पाणी संपलेले नसते. पण 'या जागी पाणी किती उंच?' या साध्या प्रश्नाला आता एकाच वेळी दोनतीन उत्तरे येऊ लागतात. असल्या समीकरणांना अरेखीय म्हणतात. त्यांत बेरीज चालत नाही, आणि आज लाट आहे म्हणून ती उद्याही समीकरणात राहील याची खात्री देता येत नाही.

या शास्त्राचा एक आद्य पुरुष म्हणजे जॉर्ज स्टोक्स. आयर्लंडच्या समुद्रकाठच्या एका खेड्यात १८१९ साली जन्मलेला. लहानपणी पोहताना एका मोठ्या लाटेने त्याला ओढून नेण्याचे बाकी ठेवले होते, आणि तेव्हापासून लाटांनी त्याचे मन धरले, अशी आठवण त्याच्या मुलीने सांगितली आहे. मला ती फार खरी वाटते. आमच्याकडेही ज्याला समुद्राने एकदा खाली ओढून वर सोडले आहे तोच पुढे समुद्राबद्दल नीट बोलतो. १८४७ साली स्टोक्सने खोल पाण्यातल्या मोठ्या लाटेचा आकार लिहून काढला: माथा टोकदार, पोट पसरट, आणि जितकी उंच तितकी वेगवान. पण हा आकार म्हणजे एक न संपणारी बेरीज होती. आधी एक पद, मग त्याला दुरुस्ती, मग त्या दुरुस्तीला दुरुस्ती. ही बेरीज कुठे तरी ठरते की भरकटते, म्हणजे अशी लाट समीकरणात खरोखर आहे का, हे त्याने सिद्ध केले नाही. ते सिद्ध व्हायला पाऊणशे वर्षे लागली. १९२१ साली रशियात नेक्रासोव्हने आणि १९२५ साली इटलीत लेव्ही-चिव्हिताने ते केले, आणि तेही लहान उंचीच्या लाटांपुरते. स्टोक्सनेच १८८० साली तर्क केला होता की, सर्वांत उंच लाटेच्या माथ्याशी १२० अंशांचा कोन होत असला पाहिजे. तो खरा ठरला १९८२ साली. एकशे दोन वर्षे!

हे ऐकताना मला आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे आठवले. १८९९ साली ते केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्या मानाला पोचलेले पहिले हिंदी. तोच मान स्टोक्सने १८४१ साली मिळवला होता, आणि परांजपे केंब्रिजमध्ये शिकत होते तेव्हा म्हातारा स्टोक्स तिथेच प्राध्यापक होता. एक आयर्लंडच्या किनाऱ्यावरचा, एक आमच्या. दोघे लाटांबद्दल कधी बोलले असतील का? कादंबरीकाराला असले प्रश्न पडतात. आणखी मागे गेलो तर पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांनी कलनशास्त्र 'शून्यलब्धि' या नावाने मराठीत आणले. स्टोक्सचा तो निबंध निघण्याच्या आदल्याच वर्षी, १८४६ साली, ते वारले. तेव्हा हा विषय कोकणात अगदीच परका आहे असे नव्हे. वेळ फक्त चुकत आली.

पण इतिहासाने अण्णांचे समाधान होणार नव्हते. ते तिसऱ्या संध्याकाळी पडवीत येऊन बसले आणि ऐकू लागले. मुलाने लाटेचे बोलणे सोडले आणि कर्जावर आला. वाशीच्या दलालाची जुनी पट्टी समोर पडली होती, तिच्या पाठीवर त्याने लिहिले: मुद्दल एक लाख, व्याज शेकडा बारा.

"समजा, बाबा, कर्जाचा आकडा तुम्हाला ठाऊकच नाही. वही हरवली. पण दर शेकडा बाराहून अधिक नाही आणि सहा वर्षं काही फेडलं नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे. मग छातीठोकपणे काय म्हणाल?"

"दुपटीच्या आत," अण्णा म्हणाले. हिशेब करावा लागला नाही.

"हेच आमचं हत्यार. उत्तर ठाऊक नसताना ते कशाच्या आत आहे ते सांगायचं."

या हत्याराला असमता म्हणतात. ग्रोनवॉल नावाच्या गणितज्ञाने १९१९ साली तिचे एक मूळ रूप मांडले. पुढे औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, मराठवाडा विद्यापीठातले पाचपट्टे यांनी १९७३ पासून तिची नवी नवी रूपे शोधली, आणि जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत ती त्यांच्या नावाने छापली जातात. हे मला ठाऊक नव्हते. लेखकाचे नाव गल्लीत झाले तर सत्कार होतो. या गृहस्थांचे नाव परदेशच्या पुस्तकांत आहे आणि आमच्या तालुक्यात कोणाला पत्ता नाही! मला हे हत्यार खारबंदीच्या बांधासारखे वाटले. भरती नेमकी किती चढेल ते बांध सांगत नाही. या पलीकडे येणार नाही एवढे सांगतो, आणि तेवढ्यावर माणूस आत भात पेरतो.

"आता दर बदलू," मुलगा म्हणाला. "सावकार असा की कर्ज वाढलं की दरही वाढवतो. एक लाखाला शेकडा बारा, दोन लाखांना शेकडा चोवीस, चार लाखांना अठ्ठेचाळीस. फुटणाऱ्या लाटेचं असंच असतं."

अण्णांनी पट्टी ओढून घेतली आणि वर्षावर्षाचा हिशेब मांडला. बोटांनी, जुन्या पद्धतीने. चौथ्या वर्षी एक लाख बाहत्तर हजार, आठव्या वर्षी पावणेपाच लाखांच्या वर, नवव्या वर्षी साडेसात लाख. "मेला माणूस; पण आकडा तर आला."

"तुम्ही व्याज वर्षाला एकदा धरलंत. लाट वर्षभर थांबत नाही. क्षणाक्षणाला व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर?" त्याने पलीकडे लिहिले. चार वर्षांनी दोन लाखही नाहीत. आठ वर्षांनी पंचवीस लाख. आणखी तीन महिन्यांनी एक कोटी. आणि त्यानंतर एकाच महिन्याने, आठ वर्षे चार महिने पुरे होताना, आकडाच उरत नाही. कितीही मोठा आकडा घ्या, कर्ज त्याच्या पलीकडे गेलेले असते.

"मग माझे नवव्या वर्षीचे साडेसात लाख?"

"ते कशाचेच नाहीत, बाबा. त्या वेळी उत्तरच नाही. यंत्राला विचारलं तरी ते तुमच्यासारखंच काहीतरी आकडा देतं. यंत्र आकडा द्यायला नाही म्हणत नाही. म्हणून आधी बघावं लागतं, उत्तर आहे का."

अण्णा ती पट्टी हातात धरून बराच वेळ बसले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "आजीचं आठवतं?"

आमचे आजोबा माल घेऊन मुंबईला निघालेल्या एका गलबतावर चढले आणि परत आले नाहीत. गलबतही आले नाही. आमचे वडील तेव्हा चार वर्षांचे होते. शास्त्राप्रमाणे बारा वर्षे वाट पाहायची असते. कायद्याला सात पुरतात, पण आमच्या घरात कायदा कोणी विचारला नाही. ती बारा वर्षे आजी कुंकू लावत होती. आणि त्या बारा वर्षांत पत्ते किती आले! कोणी म्हणे दमणच्या बंदरात पाहिले, कोणी म्हणे मंगळुरास कौलांच्या कारखान्यात आहेत, कोणी कराचीचे नाव घेई. प्रत्येक पत्त्यावर माणूस पाठवायचा, पैसे मोडायचे, पत्र घालायचे. दमणला पाठवलेल्या माणसाने तर ज्या चाळीत ते राहत होते तिचे वर्णनही आणले. कुठे आहेत याची उत्तरे वाटेल तेवढी होती. आहेत का, याचे एकही नव्हते. बारा वर्षे पुरी झाल्यावर पळसाच्या पानांची प्रतिमा करून पालाशविधी केला. आजी पुढे आम्हा नातवंडांना ही गोष्ट सांत असे तेव्हा तिच्या बोलण्यात नवऱ्याविषयी राग नसे, समुद्राविषयीही नसे. राग असे तो पत्ते आणणाऱ्यांवर. "आधी 'आहे' म्हणा रे, मग 'कुठे' सांगा," असे ती म्हणे.

अण्णांनी ते वाक्य उच्चारले नाही. तसे त्यांना काही बोलून दाखवण्याची सवय नाही. पट्टीची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि ते गोठ्याकडे गेले.

चौथ्या दिवशी मला माझे उत्तर द्यायचे होते. मी त्यांना सांगितले की, हे काम आहे. मलाही ते माझ्या धंद्यातून पटले होते. मी एखादे पात्र लिहितो: अमुक स्वभाव, अमुक परिस्थिती, अमुक नाती. तीन प्रकरणे भराभर होतात. कागद काही तक्रार करत नाही. पण या सगळ्या अटी पाळणारा माणूस असूच शकत नाही असे असेल, तर चारशे पानांनंतरही तो नसतोच. समुद्र आहे याविषयी या गणितज्ञांना शंका नाही. त्यांना शंका आहे ती माणसाने समुद्राबद्दल लिहिलेल्या वाक्याची.

आणि ही शंका थोरांनाही चुकलेली नाही. गुरुत्वाकर्षणाच्या लाटांचे भाकीत केले आइन्स्टाइननेच. पण १९३६ साली त्याच्या स्वतःच्या समीकरणांत त्या लाटा नाहीतच असा निबंध त्याने सहकाऱ्यासह लिहून छापायला पाठवला, आणि मग निष्कर्ष बदलला. ती समीकरणेही अरेखीयच. त्यांना उकल असते, निदान थोड्या काळापुरती तरी, हे १९५२ साली इव्होन ब्रुहा या फ्रेंच बाईंनी सिद्ध केले. प्रत्यक्ष लाट यंत्रात सापडली २०१५ च्या सप्टेंबरात. त्या शोधण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधरांनी कित्येक वर्षे काम केले होते; आणि तसलेच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायचे ठरले आहे, त्याला २०२३ साली सरकारने मंजुरी दिली. साध्या पाण्याची गोष्ट मात्र अजून अडलेली आहे. वाहत्या पाण्याच्या समीकरणांना सर्व काळासाठी नितळ उकल असते का, या प्रश्नाला २००० साली अमेरिकेतल्या एका संस्थेने दहा लाख डॉलरांचे बक्षीस लावले. ते तसेच पडून आहे. (अण्णांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी प्रथम रुपये किती होतात ते विचारले.)

माझे उत्तर ऐकून ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. हंगाम संपला, पाऊस आला. मुलगा मधल्या काळात पुन्हा बेंगळुरूला जाऊन आला. कंपनीला दिवाळीपर्यंत कळवायचे होते.

गेल्या पंधरवड्यात आम्ही तिघे खाडीच्या तोंडाशी गेलो होतो. उधाणाची भरती लागत होती. तिथे वाळूचा दांडा आहे, त्याच्यावर लाटा ओळीने येऊन फुटत होत्या, आणि आतली एक होडी बाहेर पडण्यासाठी संधी पाहत थांबली होती. तांडेल लाटा मोजत असावा. अण्णा बराच वेळ पाहत होते.

"तुझ्या गणितात खाली काय आहे?" त्यांनी मुलाला विचारले.

"खाली म्हणजे?"

"पाण्याखाली. तळ."

"तळ सपाट धरलाय, बाबा. सगळीकडे सारखी खोली."

"सपाट तळ कुठे असतो रे?" अण्णांनी काठीने दांडा दाखवला. "हा गेल्या वर्षी इथे नव्हता. त्या खडकापाशी होता. नदीला पूर आला की हा सरकतो, आणि हा सरकला की लाट दुसरीकडे फुटते. लाट तळाला हलवते आणि तळ लाटेला. ते धरलंयस का?"

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. ते फार अवघड आहे. तिथे उकल असते की नाही, तेच अजून..."

होडीने संधी साधली. दोन लाटांच्या मधल्या सपाटीवरून ती बाहेर गेली.

"दोन वर्षं आहेत ना?" अण्णा म्हणाले. "मग तेवढं बघ."